मलावीतली माझी आगोगो

आगोगो गेली.

इथे पुकेकोहेत हे कोणाला सांगावं, तेच कळत नाहीये. म्हणून तुम्हाला सांगतेय.

न्यूझीलंडला यायच्या आधी, २०१२-१३ मध्ये, मी मलावीतल्या एका खेड्यात मुलींच्या शाळेत गणित शिकवायचे.
आगोगो म्हणजे तिकडच्या भाषेत आजी. माझी शेजारीण.

तिला इंग्लिश येत नव्हतं, मला चिचेवा जेमतेम. तरी गप्पा संपायच्या नाहीत.

शाळा हाकेच्या अंतरावर, पण पोचायला वेळ लागायचा. वाटेतल्या प्रत्येक दारात थांबून "झोप कशी झाली?" विचारायचं, आणि उत्तर ऐकूनच पुढे जायचं.
एकदा घाईत मी नुसती मान हलवून निघाले, तर आगोगोने हाताला धरून मागे नेलं.

दुपारी तिच्या अंगणात चटईवर शेंगा सोलत बसायचं.
एकदा तिच्या उखळात मी आपली दाण्याची चटणी कुटली. लसूण, तिखट, मीठ, बस.
तिने ती न्सिमाबरोबर खाल्ली. न्सिमा म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड. डोळ्यांतून पाणी आलं तिच्या. मग उरलेली घरोघरी वाटून आली.
त्यानंतर मला कायमची ऑर्डर.

इतकी खुश मी कुठेच नव्हते. खरंच.

मग पुण्यात बाबा गेले.
फ्लाइट मिळून पोचेपर्यंत सगळं उरकणार होतं. दादा म्हणाला, आता धावपळ करू नकोस.
मी दार लावून बसले.

आगोगोने ते उघडायला लावलं. आत येऊन जमिनीवर माझ्या शेजारी बसली.
मागोमाग एकेक करत गावातल्या बायका आल्या. कोणी समजूत घातली नाही. नुसत्या बसल्या. मुक्कामालाही राहिल्या.

मी तिला म्हटलं, तुम्ही तर बाबांना कधी पाहिलंही नाही.

"तुला पाहिलंय ना," ती म्हणाली.

आज कामावर, पॅकहाउसमध्ये, स्मोकोला म्हणजे मधल्या सुट्टीत चहा घेताना तिच्या नातीचा मेसेज आला. चिसोमो, माझी विद्यार्थिनी.
सुपरवायझरने विचारलं, फॅमिली का? मी म्हटलं, नाही, नेबर.
भला माणूस आहे. सॉरी म्हणाला, हवं तर लवकर जा म्हणाला.
मी शिफ्ट पूर्ण केली. घरी जाऊन तरी काय करणार होते?

संध्याकाळी चिसोमोला फोन लावला. तिकडे सकाळ. घर बायकांनी भरलंय म्हणाली. मागून त्यांचं गाणं ऐकू येत होतं.

मग तिने विचारलं,
"मॅडम, तिथे तुमच्याजवळ कोण बसलंय?"

बाहेर शेजारीण ड्राइव्हवेत गाडी लावत होती. मला तिचं नाव माहीत नाही.

"आहेत," मी म्हटलं. "सगळ्या आहेत."

"मग बरं," ती म्हणाली.

आगोगो, सावकाश जा.
दूर राहिलेल्या लेकीचा नमस्कार घे.