बिनआवाजाचं हत्यार

स्टुडिओत तिला सगळे कानसेन म्हणत. पडद्यावरच्या माणसांची पावलं, दारं, थपडा या सगळ्यांचे आवाज मागाहून तयार करणं हा तिचा धंदा. दहा बाय बाराची खोली, भिंतींना जाड फोम आणि फरशीवर पसारा: जुने बूट, वाळूचा ट्रे, कुरकुरणारं अर्धं दार. गाजर मोडलं की हात मोडे, कोबी आपटला की डोकं फुटे. मारामारीचा सिनेमा हाती असला की तिच्या घरी आठवडाभर गाजर-कोबीच शिजे. नवरा बिचारा प्रेमकथेची वाट बघत बसे.

एके दिवशी एक तरुण दिग्दर्शक आला.

"बाई, आपला खलनायक क्रॉसबोने पहारेकऱ्याला उडवतो. दुसरा पहारेकरी दहा पावलांवर पाठमोरा उभा आहे. त्याला पत्ताही लागत नाही. तेव्हा आवाज असा द्या की असून नसल्यासारखा."

"क्रॉसबो म्हणजे ते बंदुकीच्या दांड्यावर आडवं धनुष्य ना? ताणलेली दोरी सुटणार आणि आवाज नाही? घरात वाळत घातलेल्या कपड्यांची दोरी तुटली तरी शेजारीण डोकावते."

दिग्दर्शक हसला. "मग पिस्तूल देऊ. सायलेन्सर लावलेलं. तुमचं नेहमीचं, फुस्!"

ते फुस् कानसेनचंच होतं. वीस वर्षांत तीसेक सिनेमांत तिने ते सायकलच्या पंपातून काढलं होतं. खरं सायलेन्सरवालं पिस्तूल मात्र तिने जन्मात ऐकलं नव्हतं. गाजर मोडताना तिला निदान हाड कसं वाजतं हे ठाऊक होतं. लहानपणी झाडावरून पडून स्वतःचंच मोडलं होतं. इथे मात्र सगळा हवेतला कारभार.

"रविवारी सकाळी मोकळे आहात?" तिने विचारलं.

तिचा धाकटा भाऊ पोलिसांना नेमबाजी शिकवायचा. त्याच्या मैदानावर दोन्ही हत्यारं मिळाली. दिग्दर्शकाला मातीच्या बांधामागे, पाठ फिरवून उभं केलं. ऐकू आलं की हात वर करायचा, एवढंच काम.

आधी क्रॉसबो. फटाक! लाकडी पट्टी टेबलावर आपटावी तसा आवाज झाला आणि पाठोपाठ बाण लक्ष्यात घुसल्याचा धप्प. दिग्दर्शकाचा हात धप्पच्या आधीच वर गेला होता.

मग सायलेन्सरवालं पिस्तूल. दिग्दर्शकाने हात वर केलाच नाही, कारण दोन्ही हातांनी त्याने डोकं धरलं होतं. पत्र्यावर हातोडा हाणल्यासारखा तो आवाज ऐकून बांधावरचे कावळेही उडाले.

"हे सायलेन्सर लावून?" तो ओरडला.

"न लावता कान बधिर झाले असते," भाऊ म्हणाला. "सायलेन्सर आवाज कमी करतो, गिळून टाकत नाही."

"म्हणजे क्रॉसबोच बरा!"

"आवाजापुरता. पण नेम चुकला तर? घ्या, दुसरा बाण चढवून बघा."

दिग्दर्शकाने क्रॉसबोच्या टोकाच्या कडीत पाय रोवला आणि दोन्ही हातांनी दोरी ओढली. दोरी जागची हलेना. तिसऱ्या झटक्याला तो स्वतःच मागे मातीत बसला. तेवढ्यात भावाने पिस्तुलातून लक्ष्यावर पाच गोळ्या झाडल्यासुद्धा.

"ताई, चोरून मारायला दोन्ही म्हणजे दगडापेक्षा वीट मऊ," भाऊ म्हणाला. "एक ऐकू जातं, दुसरं जरा जास्त ऐकू जातं."

दिग्दर्शक कपडे झटकत उठला तोच मुळी नवा प्रसंग घेऊन. आता दुसरा पहारेकरी वळणार होता, आणि खलनायक एक पाय कडीत, दात-ओठ खात दोरी ओढत सापडणार होता.

कानसेनने खरा फटाक ध्वनिमुद्रित करून आणला होता. पडद्यावर लावला तर तो अगदी किरकोळ, खोटाच वाटला. तिने कपाळावर हात मारला. शेवटी त्यात चामडी पट्ट्याचा एक फटका आणि लाकडी पट्टीचा खटका मिसळला, तेव्हा कुठे खरा आवाज खरा वाटू लागला.

सिनेमा लागला त्या शुक्रवारी ती नवऱ्याबरोबर मागच्या रांगेत बसली. फटाक झाला आणि पुढच्या रांगेतल्या एका जाड्या गृहस्थाने दचकून मागे वळून पाहिलं, थेट तिच्याकडेच.

"मी नाही हो काही केलं," ती पटकन म्हणाली.

नवरा इतका हसला की पुढचे चार संवाद कुणालाच ऐकू आले नाहीत.