दुप्पट वेगाने ऐकलेली आपा

अब्बासभाईंचा फोन आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होते. मी फोन कापला की माझा मोबाइल समोरच्याला परस्पर एक ओळ पाठवतो, ‘कामात आहे, नंतर फोन करते’. ती ओळ त्यांना गेली. पुन्हा फोन आला, पुन्हा तीच ओळ गेली. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मी वैतागून बाहेर पॅसेजमध्ये आले आणि जरा तोऱ्यातच म्हटलं, बोला अब्बासभाई. मग ते म्हणाले, “बाय, सकीना गेली.” सकाळी नाश्त्याची भांडी घासता घासता ती ओट्यापाशी खाली बसली होती, आणि अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत सगळं संपलं होतं. मनात एवढंच आलं, असं कसं... कालच तर तिचा निरोप ऐकला, किती टवटवीत बोलत होती.

त्याला आता सहा आठवडे झाले. सकीनाआपा माझी कोणी नात्याची नव्हे. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या एका गावातली ती, लग्नानंतर कुवेतला आली आणि तीस वर्षं हवल्लीतल्या एकाच घरात राहिली. तिचे यजमान अब्बासभाई एका व्यापारी कंपनीच्या गोदामावर. त्यांना मूल नव्हतं. मी नाशिकची, बँकेतली, जिभेने तिखट, स्वभावाने घाईची. वीसेक वर्षांपूर्वी आम्ही त्यांच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो आणि माझी मुलगी सई तीन महिन्यांची असल्यापासून आपाच्या मांडीवर वाढली. म्हणून तिच्याबद्दल चार चांगले शब्द लिहावेत, असं सगळ्यांचं म्हणणं. चांगले शब्द मी लिहीनच, पण आधी वाईट ते सांगून टाकते. शेवटचे चार महिने आपा मला सांगत होती की तिला दम लागतो. व्हॉट्सअ‍ॅपवर, स्वतःच्या आवाजात सांगत होती. मी तिचे निरोप ऐकत होते, नाही असं नाही, पण दुप्पट वेगाने.

आम्ही भेटलो तेव्हा तिच्या घरात मोबाइल नव्हता. पॅसेजमध्ये क्रोशाच्या रुमालाखाली झाकलेला फोन होता, आणि गावातल्या गावात बोलायला पैसे पडत नसत. मी बँकेतून जेवणाच्या सुट्टीत फोन लावायचे आणि ती रिसीव्हर सईच्या तोंडापाशी धरायची. सई शाळेत जायला लागल्यावर आम्ही रिग्गईला मोठ्या घरात गेलो, तर संध्याकाळी दोघींचे फोन तासतासभर चालू. रिसीव्हर मानेत अडकवून ती तिकडे बोंबील साफ करायची, मी इकडे कणीक मळायचे. बोलणं असायचंच असं नाही. मध्येच तिच्या कढईत फोडणी पडलेली ऐकू यायची आणि मी विचारायचे, काय केलंस गं? आज सईला सांगितलं तर ती विचारते, मग तुम्ही बोलत काय होतात? काय सांगणार! शुक्रवारी आम्ही हवल्लीला जायचो, मग मी आणि आपा बाजारात. मासळीवाल्या इजिप्शियन माणसाशी ती चक्क कोकणीत भांडायची आणि तो अरबीत उत्तरं द्यायचा, आणि पापलेट तिच्याच मर्जीचं मिळायचं.

हे सगळं एका दिवसात थांबलं नाही. थांबतंय हेही कळलं नाही. किराणा घरी यायला लागला, मग मासळीही साफ करून यायला लागली, म्हणून शुक्रवारचा बाजार सुटला. शाळेचं पोर्टल आलं, बिलं, राहण्याच्या परवान्याचा इकामा, डॉक्टरची वेळ, सगळं फोनमध्ये आलं. आणि मी कोण तक्रार करणारी? बँकेत माझं कामच ते. शाखेतल्या रांगा बंद करून लोकांना अ‍ॅपवर नेण्याच्या टीममध्ये मी सहा वर्षं होते. माणसाची किती मिनिटं वाचवली यावर आमची शाबासकी ठरायची. वाचलेल्या मिनिटांचं लोक काय करतात, हे आम्हाला कुणी विचारलं नाही. मी काय केलं ते मला माहीत आहे. हवल्ली माझ्या घरापासून वीस मिनिटांवर, आणि आपाला मी दोन-दोन महिने भेटत नव्हते.

यंत्राला शिव्या देणं सोपं आहे, पण ते मी करणार नाही, कारण आपाला या फोनने जेवढा आनंद दिला तेवढा मीही दिला नसेल. ती चौथीपर्यंत शिकलेली. आयुष्यभर तिची पत्रं दुसऱ्याने लिहिली आणि आलेली दुसऱ्याने वाचली. लग्नानंतर ती गावीच होती तोवर नवऱ्याला लिहायचं तेही शेजारच्या मास्तरीणबाईंसमोर बसून, मग त्यात काय सांगणार? मी तिला मोबाइलवर आवाजाचा निरोप कसा पाठवायचा ते शिकवलं तेव्हा ती बटण दाबून धरायची आणि सोडायची, पुन्हा दाबायची. मग तिने विचारलं, “म्हणजे मधी कोणीच नाय? माझा मी बोलायचा नि तुला थेट?” मी म्हटलं, थेट. त्या दिवशी तिने मला अकरा निरोप पाठवले.

आणि ते असायचे लांबलचक. याचं कारण तिनेच मला सांगितलं होतं. तिचे वडील जहाजावर होते, आणि सहा-आठ महिन्यांनी कुणाच्या तरी हाती ते कॅसेट पाठवायचे. कॅसेट आली की तिची आई हातपाय धुऊन, डोक्यावर पदर घेऊन पडवीत बसायची, आणि ती संपेपर्यंत कुणी जागचं हलायचं नाही. वडील आधी घरातल्या एकेकाचं नाव घेऊन खुशाली विचारणार, मग शेजारच्यांची, मग म्हशीची, आणि मग मुद्द्याचं. कुणी मध्ये खोकलं तर आई कॅसेट मागे घ्यायची. लांबून आलेला आवाज असा ऐकायचा असतो, हे तिच्या अंगात मुरलेलं. म्हणून तिचा निरोपही तसाच सुरू व्हायचा. काय गो माधवी, जेवलीस काय, मग माझे यजमान, सई, नाशिकला माझी आई, आईचा गुडघा, आमच्या गच्चीवरच्या कुंड्या... मुद्दा यायचा सहाव्या मिनिटाला. कधी यायचाच नाही.

मला कुठला एवढा दम! एकदा गाडीत असा निरोप चालू असताना सई मागून म्हणाली, “आई, जस्ट टू-एक्स इट.” तिने माझ्या हातातून फोन घेऊन आवाजाचा वेग दुप्पट केला आणि आपा एकदम चिमणीसारखी चिवचिवायला लागली. आम्ही दोघी हसलो. हो, हसलो. त्यानंतर मी तिला पुन्हा कधी तिच्या वेगाने ऐकलं नाही. भाजी निवडताना, सिग्नलला, लिफ्टमध्ये तिचा निरोप उरकायचा आणि वर केलेल्या अंगठ्याचं चित्र पाठवून मोकळं व्हायचं. तिला लिहिलेलं वाचायला त्रास होतो, चित्र बरं, असं मी स्वतःला सांगायचे.

गेल्या हिवाळ्यात आम्ही सगळे खैरानला समुद्रावर गेलो होतो. आपा माझ्या शेजारी पुढच्या सीटवर बसलेली. राहिलेले निरोप ऐकावेत म्हणून मी गाडीतलं बटण दाबलं आणि तिचाच सकाळचा निरोप स्पीकरवर लागला, दुप्पट वेगाने. मी पटकन बंद करायला गेले, तर तिने माझा हात धरला. ‘चल, ठेवते’ येईपर्यंत ऐकला आणि मगच हात सोडला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती बाहेरच्या वाळूकडे बघत हसून म्हणाली, “बरी तरुण वाटतंय गो मी.” मी काहीतरी सारवासारव करायला लागले, तर म्हणाली, “असू दे. तुला घाई असते. तरी ऐकतंस, हेच पुष्कळ.” तेव्हा तरी मला अक्कल यायला हवी होती. दोन दिवस वाईट वाटलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

ती गेली त्याच दिवशी, दुपार कलल्यावरच्या असरच्या नमाजानंतर तिचा दफनविधी झाला. पुरुष कब्रस्तानात गेले आणि आम्ही बायका तिच्या घरात बसून राहिलो. तिथून निघून खाली येऊन गाडीत बसले, पण गाडी सुरू करवेना. तिचा आवाज ऐकावासा वाटला, तिचा खरा आवाज. वेग मूळ जागी आणला आणि आदल्या दिवशीचा निरोप लावला. ‘काय गो माधवी,’ असं म्हणून आपा थांबली. श्वास घेतला. ‘जेवलीस काय...’ पुन्हा थांबली. प्रत्येक तीन-चार शब्दांनंतर ती धापा टाकत होती. दुप्पट वेगात त्या धापा मिटून गेल्या होत्या, शब्द एकमेकांना चिकटले होते, आणि मला वाटत होतं की बाई काय तडतड बोलते, तब्येत छान दिसतेय. घरी मी यजमानांना तसं सांगितलंही होतं. मी मागे मागे जात राहिले. मागच्या आठवड्याचा, मागच्या महिन्याचा, त्याआधीचा... चार महिन्यांमागे गेल्यावर तिला एक अख्खं वाक्य एका दमात पुरलं.

त्यातलाच एक निरोप साडेसात मिनिटांचा आहे. आईचा गुडघा झाला, कुंड्या झाल्या, आणि सहाव्या मिनिटानंतर ती म्हणते, “जिना चढताना छातीत काहीतरी अडकल्यासारखा होतो. मला एकदा डॉक्टरकडे नेशील काय? अब्बास नेतील, पण ते घाबरट. आधी मला कळू दे, मग त्यांना. तू बाजूला असलीस की डॉक्टर काय म्हणेल ते मी ऐकीन. घाई नाय. तुला सवड होईल तेव्हा.” त्याखाली माझं उत्तर होतं, वर केलेला अंगठा. तेव्हा मी नेमकी काय करत होते, आठवत नाही. बहुतेक कांदा चिरत असेन.

मला वाटलं, याहून वाईट काही असणार नाही. चौथ्या आठवड्यात अब्बासभाईंनी बोलावलं. आपाच्या फोनमधले फोटो त्यांना काढून हवे होते. मी तिच्या फोनवर आमचं संभाषण उघडलं. एका बाजूला तिचे निरोप, सात मिनिटं, पाच मिनिटं, आठ मिनिटं, आणि दुसऱ्या बाजूला माझे अंगठे, एकाखाली एक. मी पडदा वर सरकवत होते, तेवढ्यात त्यांनी मला थांबवलं आणि बोट ठेवून म्हणाले, “हा. हाच मला दाखवला होता तिने. म्हणाली, बघा, माधवीने हो म्हटलंय.”

मग त्यांनी सांगितलं. तिची धाप त्यांना दिसत नव्हती असं नव्हतं. रोज म्हणायचे, चल, आज जाऊ. ती एकच सांगायची, माधवी येणार आहे, तिच्याबरोबर जाईन, तिने कबूल केलंय. मी तिला फोन करतो, असं ते म्हणाले तर ती रागवायची. तिच्या कामाचा खोळंबा नको, ती विसरणारी नाय. जुने रिपोर्ट आणि सिव्हिल आयडीचं ओळखपत्र एका कापडी पिशवीत घालून तिने ती दाराच्या कडीला अडकवून ठेवली होती, कारण मी आले की घाईत असणार, मला थांबायला लागू नये. पिशवी अजून तिथेच होती. अब्बासभाईंच्या बोलण्यात राग नव्हता. ते मला समजावत असल्यासारखे म्हणाले, “तुझ्यावर तिचा फार भरवसा होता, बाय.” त्यांनी दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

सईला मी हे फोनवर सांगितलं. ती आता कॅनडात शिकते, मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देते. त्या दिवशी मात्र ती मराठीतच म्हणाली, वेग मी बदलून दिला होता ना गं आई. मी म्हटलं, नाही बाळा, तू एकदा बदललास, मी तसाच ठेवला.

आता रोज संध्याकाळी मी स्वयंपाकघरातलं स्टूल ओढून बसते आणि आपाचा एक निरोप ऐकते. हातात दुसरं काम घेत नाही. असं ऐकायला लागल्यापासून एक गोष्ट कळली, जी इतक्या वर्षांत मला माहीतच नव्हती, कारण ‘चल, ठेवते’ ऐकलं की मी पुढचं बंद करत असे. आपा त्यानंतर ठेवायचीच नाही. ती म्हणते, ‘आता तू बोल गो,’ आणि खरंच थांबते. दहा-बारा सेकंद. मागे पंखा फिरतो, तिची धाप ऐकू येते, कुणीतरी उत्तर देणार असल्यासारखी ती वाट बघते, आणि मग बटण सोडते. प्रत्येक निरोपाच्या शेवटी.

त्या दहा-बारा सेकंदांत मी बोलते. मोठ्याने बोलते, यजमान बाहेरच्या खोलीत असले तरी. सांगते की हो आपा, उद्या सकाळी येते, रजा टाकलीय. तू जिना उतरू नकोस, मीच वर येते, पिशवी मी घेईन. भराभर बोलावं लागतं, वेळ कमी असतो. मग तो निरोप संपतो, आणि फोन आपणहून त्याच्या पुढचा लावतो.

“काय गो माधवी... जेवलीस काय...”