खाचांची कडी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आणि खरं सांगू का — सांगायचं ठरवलं तरी वैतागच येतो. एवढीशी लोखंडी कडी, आणि तिच्यावरून माणसानं इतकं खाली यावं?

साठच्या दशकात मी सांगलीत हाडांचा डॉक्टर होतो. पोलिओची पोरं यायची. त्यांच्या पायाला कॅलिपर, म्हणजे आधाराच्या लोखंडी पट्ट्या, लावायचो. गुडघ्यापाशी त्याची कडी खाली सरकली की पाय ताठ राहतो. पण उसाच्या पाटातला चिखल कडीत भरायचा, ती अर्धवट अडकायची, आणि पोरगं तोंडावर पडायचं. मी काय काय केलं! ग्रीस, चामड्याची टोपी, स्प्रिंग. सगळं वाया. इस्लामपूरकडची एक मुलगी माझी स्प्रिंग लावून पडली, हात मोडून घेतला. तिचा बाप म्हणाला, "आवं डाक्टर, ह्याला कायच विलाज न्हाई का?"

"नाही," मी म्हणालो. "कुठंच नाही."

माझी सहायक वत्सला तेव्हा शेजारीच उभी होती.

पुढं ती साताऱ्याला गेली आणि कडीला आतून दोन तिरक्या खाचा पाडून घेतल्या. चिखल आपोआप गळून जायचा. बस्स, एवढंच! ती दाखवायला आली, तेव्हा मी कडी हातात घेतली आणि इतका संतापलो — तिच्यावर, की स्वतःवर? हे मला का सुचू नये?

तिनं पेटंट मागितलं. एका कंपनीनं हरकत घेतली की यात नवीन काही नाही, आणि अर्ज फेटाळला गेला. तिनं अपील केलं. तिथं जाणकार म्हणून मला बोलावलं. तीही समोर बसली होती. अपील ऐकणाऱ्या साहेबांनी मला एकच गोष्ट विचारली: या कामातल्या माणसाला हे सहज सुचलं असतं का?

माझी फसलेली वर्षं हेच तर त्याचं उत्तर होतं! मला सुचलं नव्हतं, एवढंच म्हणायला हवं होतं. वत्सलाला ते ठाऊक होतं. ती बोलू शकली असती — का नाही बोलली? तिच्या त्या गप्प बसण्याचा मला आजही राग येतो. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. मीच सांगेन, असं तिला वाटलं असणार.

"उघड गोष्ट आहे," मी म्हणालो. "कुणालाही सुचली असती."

अपीलही फेटाळलं गेलं. बाहेर व्हरांड्यात तिनं हळूच विचारलं, "सर, तुम्हांला खरंच तसं वाटतं?"

मी हो म्हणालो. तिनं मान डोलावली आणि साताऱ्याची गाडी धरली. पुन्हा तिनं असलं काही केलं नाही.

त्यानंतर माझ्याकडच्या प्रत्येक पोराला मी तीच कडी बसवली. पोरं पडेनाशी झाली. ही युक्ती कुणाची, असं कुणी विचारलं, तर मी म्हणायचो — कुणाची कशाला, नेहमीचीच आहे.