पाव्हणे कुठले तुमचे?

"हात खाली घ्या, बाई. घरमालकांचे मोजतोय."

बैठक चालवणारा गल्लीतला वकील म्हणला. माईकवर म्हणला. मंडळाच्या हॉलमध्ये अख्खी गल्ली जमली होती. खुर्च्यांवर बाप्ये, सतरंजीवर बाया, आणि मी मागं भिंतीला टेकून उभी. "ज्यांना बोलायचंय त्यांनी हात वर करा" असं तोच म्हणला होता, म्हणून मी केला. सगळ्या माना मागं वळल्या. दोघीजणी तोंडाला पदर लावून हसल्या. तो मला म्हणतोय हेच मला आधी कळलं नाही, त्यामुळं हात तसाच वर राहिला. मग कळलं. घेतला खाली. कान नुसते तापले.

मी एसटीत कंडक्टर आहे. खच्चून भरलेल्या गाडीत माझा आवाज शेवटच्या सीटपर्यंत जातो. दारू पिऊन चढलेल्याला मी कॉलर धरून खाली उतरवलंय. आणि त्या हॉलमध्ये मला साधं "का?" म्हणता आलं नाही. त्या वकिलापेक्षा मला माझाच जास्त राग आला.

बैठक होती टॉवरची. आमच्या गल्लीच्या तोंडाशी जुनं थेटर आहे, कधीचं बंद. आत बाभळी उगवल्यात, भिंतीला लोक नको ते करतात. ती जागा पुण्याच्या एका बिल्डरनं घेतली आणि बोर्ड लावला. अकरा मजली इमारत. सगळे फ्लॅट भाड्यानं द्यायचे, एकही विकायचा नाही. महापालिकेनं हरकती मागवल्या आणि गल्ली पेटली. एरवी नाली तुंबली तरी जी माणसं एकमेकांशी बोलत नाहीत, ती सगळी एका सतरंजीवर आली.

सुरुवातीच्या हरकती मलाही पटत होत्या. नळाला आधीच दिवसाआड पाणी, त्यात एवढी कुटुंबं आल्यावर काय करायचं? गाड्या लावायच्या कुठं? एक म्हातारी म्हणली, माझ्या गच्चीवरचं ऊन जाईल, कुरडया वाळायच्या कशा? खरं होतं बाईचं. मी मान हलवत होते. मग वकिलानं घसा साफ केला.

"स्पष्ट बोलू का? पाणी वगैरे ठीक आहे. पण विकत घेणारा माणूस आपण बघून घेतो. हे भाड्याचं प्रकरण आहे. उद्या कसलेही लोक येऊन राहतील. आपल्या लेकीबाळी आहेत घरात."

टाळ्या पडल्या. पाण्याला पडल्या नव्हत्या, ह्याला पडल्या.

कसलेही लोक म्हणजे कोण, हे मला कुणी सांगायला नको. ह्या शहरात खोली शोधत मी चपला झिजवल्यात. नगर डेपोला बदली झाली तेव्हा मला स्टँडजवळच खोली पाहिजे होती. पहिल्या गाडीची ड्युटी असली की अंधारात निघावं लागतं आणि घरी पोरगी एकटी. नवरा नाही. तर मी दारोदार फिरले. नगरात तोंडावर जात कुणी विचारत नाही हो, सुधारलेलं गाव आहे. इथं विचारतात, "पाव्हणे कुठले तुमचे?" म्हणजे तुमच्या सोयरिकी कुठल्या गावात, कुठल्या आडनावात. प्रेमानं विचारतात. पाणी देऊन विचारतात. तुम्ही दोन गावं आणि दोन आडनावं सांगितली की घोडेगावच्या बाजारात बैलाचा दात बघावा तसं समोरच्याला सगळं समजतं. मग चेहऱ्यावरचं हसू तसंच राहतं आणि खोली जाते. "अहो, कालच दिली." "गावाकडून भाचा येतोय शिकायला." "आम्ही फॅमिलीलाच देतो." मी आणि माझी पोर काय मग?

एकदा पोरगी जिन्यातच म्हणली, "मम्मी, खोली गेली म्हणाले, पण बोर्ड तर तसाच आहे." मी तिच्यावर खेकसले, चल लवकर म्हणून. माझी गाडी शनिशिंगणापूरला जाते. बाहेरगावची माणसं गाडीत कौतुकानं विचारतात, खरंच का हो तिथं घरांना दारं नाहीत? मी म्हणते, खरंय. मनात म्हणते, आमच्यासाठी दाराची गरजच काय, एक प्रश्न पुरतो. मग पुढच्याचं तिकीट फाडते.

तात्यांची खोली मिळाली ती ह्याच प्रश्नामुळं, हा मोठा विनोद. तात्या म्हणजे माझे घरमालक. मूळचे राहात्याकडचे, तिकडं ऊस, इकडं शहरात दोन मजली घर. त्यांनीही विचारलं. मी खरं ते सांगितलं. माहेर घोडेगावजवळ, मावशी राहात्याला दिलेली, मावशीच्या घरचं आडनाव हे. आता ते आडनाव त्यांच्यातही आहे आणि आमच्यातही आहे. तात्या एकदम खुलले. "राहात्याला? आन् ह्या आडनावाचे? अवो, मंग तर आमच्या सोयऱ्यातलेच! घरचंच मानूस निघालं की!" पुढं काही विचारलंच नाही. त्यांनी विचारलं तेवढं मी सांगितलं. जे विचारायची त्यांना लाज वाटत होती, ते मी आपण होऊन कशाला सांगू? त्यांच्या आनंदाचा ठेका मी घेतलेला नाही.

पण त्या घरात मी सुखानं राहिले, असं नाही. काकू, म्हणजे तात्यांची बायको, जीव लावायच्या. मी ड्युटीवर असले की पोरीला गरम पोळी द्यायच्या. माझ्या हातची आमटी त्यांना लई आवडायची, मी वाटी भरून द्यायचे, ती परत द्यायला त्या स्वतः यायच्या. त्यांनी सणाला पुरणपोळी दिली की मनात यायचं, उद्या हिला कळलं तर? ह्याच वाटीचं काय करील ही? प्रेम करणाऱ्या माणसाची अशी धास्ती घेऊन राहणं काय असतं, ते ज्यानं भोगलंय त्यालाच विचारा.

तर हॉलमध्ये माझा हात खाली आला. कुणीतरी विचारलं, "ह्या कोण?" वकील म्हणला, "भाडोत्री आहेत. बघा, आत्ताच ही गत. टॉवर झाला की असेच शेकड्यानं हात वर होतील." लोक खोखो हसले.

आणि तात्या उठले. रागानं लाल झाले होते. माझ्यासाठी.

"ओ वकीलसाहेब, तोंड सांभाळून बोला. ह्या ताई आपल्यातल्याच हायेत. राहात्याचे पाव्हणे हायेत यांचे. मी काय पाव्हणे इचारल्याबिगर खोली देतो व्हय? त्या कसल्याही लोकांतल्या न्हाईत ह्या."

हॉल बदलला. डोळ्यांदेखत बदलला. वकिलानं हात जोडले. "माफ करा ताई, मला कल्पना नव्हती. या ना, पुढं या." पहिल्या रांगेतली खुर्ची रिकामी झाली. ज्या बाया हसल्या होत्या, त्यातल्या एकीनं सरकून वाट दिली. हातात चहा आला. माईक पुढं आला. भाडोत्री मी अजूनही होतेच की. मग आता माझा हात कसा चालायला लागला?

आजवर मला पुष्कळांनी हाकललंय. पण त्या खुर्चीइतका अपमान माझा कुणी केला नव्हता. हाकलणारा निदान मला बघून हाकलत होता. ही खुर्ची मला नव्हतीच.

बसायला काय जात होतं? पोरगी दहावीला आहे. क्लास जवळ, शाळा जवळ, खाली काकू. ही खोली गेली तर तिचं वर्ष गेलं. चहा प्यायचा, "पाण्याचा प्रश्न गंभीर आहे" म्हणायचं, घरी जायचं. एवढंच. मी खुर्चीची पाठ धरून उभी होते आणि मला सगळं समजत होतं. मी कप खाली ठेवला.

"मी तुमच्यातली न्हाई," मी म्हणलं. आवाज फुटला एकदाचा. "तात्यांनी पाव्हणे इचारले, ते मी सांगितले. जात इचारली न्हाई, ती आज सांगते. आमी बौद्ध. गावात आमच्या वस्तीला अजून म्हारवाडाच म्हनत्यात. वकीलसाहेब, तुमी ज्यांना कसलेही लोक म्हनताय ना, ती मी. तुमच्या गल्लीत राहाते, तुमच्या नळाचं पानी भरते, तुमचं काय वाईट झालं ते सांगा. पानी कमी पडत असंल तर पानी मागा, मीबी येते मोर्चाला. पन मानसं नकोत म्हनून पान्याचं नाव पुढं करू नका. टॉवर झाला पाहिजे."

कुणीतरी बारीक आवाजात म्हणलं, "जपून बोला रे, ॲट्रॉसिटी टाकतील." वकील म्हणला, "म्हणजे शेवटी जातीचं राजकारण आणलंच तुम्ही." मला हसूच आलं. मी आणलं! इतका वेळ तिथं काय चाललं होतं मग, भजन? काकू खाली मान घालून सतरंजीचा धागा ओढत बसल्या होत्या. तात्या मात्र माझ्याकडंच बघत होते. त्यांच्या तोंडावर राग नव्हता. घरात चोरी झाल्यावर माणूस बसतो तसे बसले होते.

"ताई, तुमी मला फशिवलं."

"तुमी इचारलं तेवढं सांगितलं, तात्या."

बाहेर आले तर इस्त्रीच्या शर्टातला एक पोरगेला साहेब मागं धावत आला. बिल्डरचा माणूस. कोपऱ्यात बसून ऐकत होता म्हणे. "ताई, काय बोललात! महापालिकेत सुनावणी आहे, तिथं हेच बोला. गाडी पाठवतो."

मी म्हणलं, "तुमच्या टॉवरमध्ये मला फ्लॅट मिळंल का?"

"का नाही? म्हणजे… आम्ही प्रोफाईल बघून देतो."

"प्रोफाईल म्हंजे?"

"म्हणजे फॅमिली कशी आहे, बाकीच्यांना सूट होईल का…"

"म्हंजे पाव्हणे," मी म्हणलं. त्याला ते कळलं नाही. पण मला कळलं. अकरा मजले चढवतील आणि दाराशी तोच प्रश्न कोट घालून उभा करतील. मी त्याला सांगितलं, सुनावणीला मी माझ्या पायानं येणार. टॉवर पाहिजे असं म्हणणार, आणि कुणालाही जात विचारून घर नाकारायचं नाही हे परवानगीत लिहून घ्या, असंही म्हणणार. तुमची गाडी तुम्हाला लखलाभ. तो मोबाईल कानाला लावून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी ड्युटीवरून आले तर पायरीवर माझी वाटी. आमटीची. लख्ख घासलेली आणि रिकामी. आमच्याकडं काय आणि त्यांच्याकडं काय, शेजाऱ्याचं भांडं कुणी रिकामं परत करत नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर घालतात. काकूंनी आजवर कधी रिकामी वाटी दिली नव्हती, आणि पायरीवर तर कधीच ठेवली नव्हती. मी ती वाटी उचलली आणि तिथंच पायरीवर बसून रडले. वकिलासाठी नाही रडले. काकूंसाठी रडले, आणि त्याचीही मला चीड आली.

संध्याकाळी तात्या आले. उंबऱ्याबाहेर उभे राहिले. आधी आत येऊन खाटेवर बसायचे.

"ताई, खोली लागनारे आमाला. थोरल्याचं लगीन करायचंय. महिनाअखेरपर्यंत बघा कुठं."

"तात्या, थोरल्याला दोन पोरं हायेत."

ते चपलेच्या अंगठ्याकडं बघत म्हणले, "मंग धाकट्याचं म्हना."

"खरं कारन सांगा."

"तुमाला कळतंय ना? मंग मला कशाला बोलायला लावता?"

माणूस वाईट नाही हो. हेच तर दुखतं. ते शब्द त्यांच्या जिभेवर येत नव्हते, घाम फुटला होता. मी समजून घ्यावं, आपण होऊन सामान बांधावं, जाताना काकूंच्या पाया पडावं, म्हणजे कुणाच्या नावाला डाग नको. पोरगी आत अभ्यासाला बसली होती. पान उलटायचा आवाज थांबला होता. ती ऐकत होती.

"बोलायलाच लावनार," मी म्हणलं. "पोरीची दहावी झाल्याबिगर मी इथून हलनार न्हाई. भाडं येळेवर मिळंल. त्याच्याआधी काढायचं असंल तर गल्लीत उभं राहा, आन् ही अमक्या जातीची हाय म्हनून काढतो, असं मोठ्यानं म्हना. सगळ्यांना ऐकू जाऊ द्या. मंग मी चौकीत जाऊन तेच सांगते. पन लगीन, भाचा, पाव्हणे, असलं काय मला सांगू नका."

तात्या जिना उतरून गेले. वीज तोडतील, पाणी बंद करतील, माहीत नाही. सुनावणीच्या दिवशीची ड्युटी मी बदलून घेतलीय. तिथं सगळी गल्ली असणार, मी एकटी असणार, तेही माहीत आहे.

आजवर कुणी "खोली गेली" म्हणलं की मी "बरं" म्हणायचे आणि जिना उतरायचे. किती घरांत "बरं" म्हणले असेन. त्या एका शब्दावर ह्या शहराची सगळी सभ्यता टिकून होती. तो शब्द आता मी कुणाला देणार नाही.