वरच्या पट्टीतलं पान

आमच्या पळसदरीच्या शाळेत एक मास्तर होते, त्यांना गोड बोलता येतच नव्हतं. पोरं पाठीमागे त्यांना ‘कारलं’ म्हणायची, आणि त्यांना ते ठाऊक होतं. शिळफाट्याहून मोटारसायकलवर यायचे. हेल्मेट उतरवायच्या आधीच कुणाला तरी टोचून बोललेले असायचे.

त्यांनी वर्गाचा ब्लॉग काढला. कोण वाचणार, असं मीच म्हटलं. मी शाळा समितीत; शिक्षण चौथीपर्यंत, पण बोलण्यात कुणाला हार गेले नाही. तर मास्तरांनी मलाच फोन घेऊन समोर बसवलं. सांगितलं, रोजच्या नोंदी एकावर एक चढतात, जुन्या खाली गाडल्या जातात. पण ‘पान’ केलं की ते वरच्या पट्टीत बसतं, हलत नाही. “वर्षभर लागतं तेवढ्याचंच पान, मावशी. बाकी शोभा.”

शोभेचा भारी तिटकारा. एका शाळेच्या ब्लॉगवर नुसती फुलं, फुलपाखरं, सुविचार. ते बघून म्हणाले, “मांडव घातलाय मोठा. जेवण कुठाय?”

यांची पानं तीनच. शाळेच्या वेळा, मूल आजारी पडलं तर काय करायचं, आणि तिसरं भट्टीवरच्या मुलांचं. वाडीतली काही घरं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात, पोरं सोबत नेतात. परत येतात तेव्हा पुस्तकात कुठे होतो तेच विसरलेली. कुठल्या महिन्यात वर्गात काय, कुठली गणितं सोडवायची, ते त्या पानावर होतं. सोनी नावाची पोर बापाच्या फोनवर बघून सोडवायची.

पुढे मोठ्या गुरुजींचा, म्हणजे आमच्या हेडमास्तरांचा, कुठेतरी सत्कार झाला. त्यांना शालीतला फोटो वरच्या पट्टीत हवा. मास्तर म्हणाले, “रोजच्या नोंदीत टाकतो. उद्या खाली जाईल. सत्काराचं तसंच असतं.”

मग मास्तरांची बदली झाली, साजगावकडे. निरोपाचा नारळही घेतला नाही. चटणीला वापरा म्हणाले.

ते गेले आणि पट्टीत शालीशेजारी शाल लागली. भट्टीचं पान पुसलं. शाल बघून पोरांना भागाकार येत असावा.

भट्टीवरून सोनीचा फोन आला. “आजी, आमचं पान कुठं गेलं गं? मी भागाकारापाशी हाय.”

मी मास्तरांना लावला. म्हणाले, “ब्लॉगवर पान करायला मी शिकवलंय ना तुम्हाला? मग रडता कशाला? लिहा.” आणि फोन ठेवला.

नातवाचं पुस्तक मांडीवर घेऊन मी एका बोटाने पान लिहिलं. समितीत सांगून टाकलं, ज्याला हे काढायचं असेल त्याने आधी सोनीला फोन करून तसं सांगावं. मोठे गुरुजी खांद्यावरच्या शालीच्या घड्या बघत बसले.

त्याच संध्याकाळी मास्तरांचा मेसेज: “पान बघितलं. दुसऱ्या ओळीत ‘जेवलीस का’ विचारलंय. गणितात जेवण कशाला? काढा.”

नाही काढलं. सोनीने पहिलं उत्तर त्याचंच पाठवलं होतं.