पॉईंट ५८७ आणि ओमानचा निरोप

सध्या माझं पोस्टिंग दुबईत, जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका एकोणचाळीस मजली इमारतीत आहे. हुद्दा सिक्युरिटी सुपरवायझर. फौजेत अठ्ठावीस वर्षं काढून सुभेदार म्हणून घरी आलो, घरात महिनाभर टिकलो आणि बायकोच्याच सल्ल्याने पुन्हा नोकरीला लागलो. ड्युटी सकाळी सात ते संध्याकाळी सात. शत्रू दोन: चुकीच्या जागी लावलेल्या गाड्या आणि लिफ्टमध्ये अडकणारे सोफे.

फेब्रुवारीतल्या एका दिवशी मात्र मी दरवर्षी रजा घेतो. माझ्या सेक्शनमधला नाईक दगडू शेलार त्या दिवशी बर्फात गेला. त्याच्या आईला मी तेव्हापासून दर वर्षी त्या तारखेला एखाद्या उंच जागेवरून फोन करतो, भारतातल्या अकरा वाजता. म्हातारी एकच विचारते, तिथून काय दिसतंय. दगडू पत्रात तेवढंच लिहायचा, वरून काय काय दिसतं ते. फोन येईपर्यंत ती अन्नाला शिवत नाही. वय ऐंशीच्या पुढे. एका वर्षी मी तापाने पडलो आणि फोन दुपारी चारला केला. तोवर ती ओट्यावर तशीच बसून होती, असं शेजारणीने सांगितलं. त्यानंतर मी कधी उशीर केला नाही.

दुबईतल्या पहिल्या वर्षी मी आमच्याच इमारतीच्या गच्चीवरून फोन केला. एकोणचाळीस मजले म्हणजे काही कमी उंची नाही.

"चढून गेलास?" तिने विचारलं.

"लिफ्टने, आई."

"हां," ती म्हणाली. तो "हां" मला वर्षभर पुरला. पुढच्या वर्षी डोंगर पाहिजेच, असं ठरवलं.

डोंगर मिळाला तो बाविसाव्या मजल्यावरच्या मिस्टर ग्रॅहम यांच्याकडे. स्कॉटलंडचे. पाइपलाइनचे इंजिनियर, वय चौसष्ट, गुडघे माझ्यापेक्षा चांगले. त्यांच्या भिंतीवर त्यांच्या गावाकडच्या एका टेकडीचा फोटो आहे. फोटोत बरेचसे ढगच आहेत. आमचं बोलणं इंग्रजीत व्हायचं, इथे मराठीत देतो.

"या टेकडीवर काहीच नाही," ते अभिमानाने म्हणाले. "रस्ता नाही, घर नाही, दुकान नाही. सात मैल दलदल तुडवायची. गुडघाभर झुडपं. पाऊस वरून पडत नाही, बाजूने येतो. चाळीस वर्षांत मला माथ्यावरून तीनदा दिसलं."

"मग जाता कशाला?"

"चौथ्यांदा दिसेल म्हणून."

या माणसाशी माझं जमणार हे मी तिथेच ओळखलं. बरोबर त्याच उंचीची टेकडी ते दोन वर्षं या देशाच्या नकाशावर शोधत होते. रास अल खैमाच्या डोंगरांत, ओमानच्या सरहद्दीकडे, त्यांना ती सापडली होती. नाव नाही. नकाशावर नुसता आकडा, ५८७ मीटर.

"पॉईंट ५८७," मी म्हणालो. त्यांनी उठून माझा हात हातात घेतला.

पार्टीत आणखी दोघे घेतले. इसहाकभाई, मूळचे रत्नागिरीचे, माशांचा व्यापार, गाडी मोठी. आणि डेनिस, वसईचा, हॉटेलात फ्रंट डेस्कला, वजन नव्वद किलो. दोघेही अल मनखूलला माझ्याच बिल्डिंगमध्ये राहतात. आदल्या संध्याकाळी १९०० वाजता इसहाकभाईंच्या हॉलमध्ये मी ब्रीफिंग घेतलं. फौजेत वाळूचं मॉडेल करतात. मी सोफ्याच्या उशा मांडून डोंगर केले. ब्रीफिंग चालू असताना भाभी आल्या आणि आतल्या पाहुण्यांसाठी एक उशी उचलून घेऊन गेल्या. ती ओमान होती.

"काही प्रश्न?" मी विचारलं.

"ब्रेकफास्ट कधी?" डेनिस म्हणाला.

"०९३० वाजता माथ्यावर. इथले साडेनऊ म्हणजे तिकडचे अकरा. आधी फोन, मग ब्रेकफास्ट."

"आणि लेट झालो तर?"

"एक म्हातारी उपाशी राहील."

डेनिसने मोबाइलमधला गजर अर्धा तास अलीकडे आणला.

०४३० ला निघालो. ०६२० ला डांबरी रस्ता संपला, ०६४० ला गाडी एका कोरड्या वाडीत, म्हणजे नदीच्या रिकाम्या पात्रात, उभी केली. मिस्टर ग्रॅहम उतरले ते केशरी रेनकोट घालून. आकाशात एक ढग नव्हता.

"सर, पाऊस नाही," मी म्हणालो.

"सुभेदार, डोंगर आहे ना? मग कोट घालायचा."

मी कंपास काढला. नकाशा आणि कंपास या विषयाचा मी आठ वर्षं इन्स्ट्रक्टर होतो, हे सांगितलेलं बरं. एका हातात कंपास, दुसऱ्या हातात वेळेसाठी मोबाइल, असा उभा राहून बेअरिंग, म्हणजे जायच्या दिशेचा कोन, घेतलं, बोट दाखवलं आणि म्हणालो, "ती धार. माझ्या मागे, सिंगल फाईल."

मिस्टर ग्रॅहमनी एकदा नकाशाकडे आणि एकदा धारेकडे पाहिलं. "अंमळ डावीकडे वाटतंय," ते म्हणाले. मी इन्स्ट्रक्टरसारखा हसलो. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

डेनिसने हॉटेलच्या बँक्वेट खात्यातून दोन वॉकीटॉकी आणले होते. एक माझ्याकडे, एक शेपटाला त्याच्याकडे. दर अर्ध्या तासाने रिपोर्ट, असा हुकूम होता.

"ब्राव्हो, अल्फा बोलतोय. पोझिशन सांगा. ओव्हर."

"साहेब, मी तुमच्या मागे दहा फुटांवर आहे. ओव्हर."

"रॉजर. हालत?"

"खलास. ओव्हर."

डोंगर म्हणजे नुसता फुटका दगड. पाय ठेवला की सरकतो. झाड नाही, गवत नाही, मधूनच एखादी शेळी उभी, ती तिथे काय खाते हे तिलाच ठाऊक. मिस्टर ग्रॅहम मात्र खुशीत होते. त्यांच्या टेकडीवर इथे हरणं दिसतात, तिथे काळ्या पाण्याचं तळं आहे, असं ते प्रत्येक वळणावर दाखवत होते. इसहाकभाई मान डोलावत म्हणाले, "मासे मिलते हैं उस तालाब में?"

०९०५ ला माथ्यावर पोहोचलो. पंचवीस मिनिटं हातात होती. मी कमरेवर हात ठेवून मोठ्या समाधानाने समोर पाहिलं, तर खोल घळीपलीकडे, उजवीकडे, आमच्याहून उंच असा एक डोंगर उभा होता.

"सुभेदार," मिस्टर ग्रॅहम हळूच म्हणाले, "मला वाटतं, ५८७ तो आहे."

तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. निरोप होता. ओमानमध्ये आपलं स्वागत आहे.

नागरी माणसाला हे हसण्यासारखं वाटेल. मी उमेदीची वर्षं एका रेषेवर उभा राहून काढली आहेत. हुकमाशिवाय ती रेषा कोणी ओलांडायची नाही, इकडून नाही आणि तिकडून नाही, एवढंच माझं काम होतं. आणि आता मी तीन सिव्हिलियन घेऊन, चुकीच्या बेअरिंगवर, एका परक्या देशात शिरलो होतो. त्यातला एक केशरी रेनकोटात होता.

"खाली बसा!" मी ओरडलो. "स्कायलाईनवर कोणी उभं राहायचं नाही. मिस्टर ग्रॅहम, कोट काढा!"

"का?"

"इंटरनॅशनल बॉर्डर!"

ते बसले, पण कोट काढला नाही.

"अहो साहेब," डेनिस धापा टाकत म्हणाला, "हा मेसेज इथे सगळ्यांनाच येतो. टॉवर ओमानचा पकडतो. इकडे फिरायला आलेले आमचे गेस्ट गाडीत बसल्या बसल्या ओमानला जातात. प्लीज, फोन लावा तुम्ही."

"परक्या मुलखातून? नाही. विथड्रॉ. आल्या वाटेने शंभर मीटर खाली."

आम्ही खाली आलो. डेनिस बराचसा बसूनच आला. ०९१८. तिथे ना ओमानचं नेटवर्क, ना आमचं. मोबाइल वर धरून मी एका दगडावरून दुसऱ्या दगडावर गेलो. काही नाही. ओट्यावर बसलेली म्हातारी माझ्या डोळ्यांसमोर आली. गोळीबारातही मी इतका घाबरलो नव्हतो.

इसहाकभाई इतका वेळ खजूर खात होते. त्यांनी बी थुंकली.

"सुभेदारसाहब, मी वीस वर्षं ओमानला मासे घ्यायला जातो. तिथे चौकी असते. चौकीत एक माणूस असतो. तो पासपोर्ट उलटासुलटा बघतो, मग स्टॅम्प मारतो. हबीबी, स्टॅम्पशिवाय कंट्री सुरूच होत नाही."

"बेअरिंग चुकलंय माझं. आपण कुठे आहोत ते मलाच माहीत नाही."

हे वाक्य मी जन्मात पहिल्यांदा बोललो. मग मिस्टर ग्रॅहम पुढे आले आणि माझ्या हातांकडे पाहत म्हणाले, "तो मोबाइल जरा लांब धरा बघू."

धरला. कंपासची सुई सावकाश फिरली आणि दुसरीकडेच जाऊन थांबली.

माझ्या मोबाइलला सुनेने घेतलेलं कव्हर आहे. टप्पकन बंद होतं. त्यात चुंबक आहे. कंपासजवळ रायफल नको, हेल्मेट नको, तार नको, हे मी आठ वर्षं पोरांकडून घोकून घेतलं होतं. विसरणाऱ्याला ग्राउंडला पाच चक्कर लावायचो.

"यल्ला, वर चला," इसहाकभाई उठले.

०९२९ ला पुन्हा माथ्यावर. मोबाइल डेनिसकडे दिला आणि त्याला वीस पावलं लांब उभं केलं. त्याने तो दोन बोटांत, अंगापासून दूर, पिन काढलेल्या ग्रेनेडसारखा धरला. मी एक बेअरिंग खडीच्या खाणीच्या चिमणीचं घेतलं, दुसरं पाण्याच्या टाकीचं. नकाशावर दोन रेषा ओढल्या. जिथे छेदल्या तिथे आम्ही. सरहद्द तिथून सहा किलोमीटर पुढे होती.

"ओमान?" डेनिसने लांबून विचारलं.

"नाही. आण तो इकडे."

०९३४. चार मिनिटं उशीर. ओमानच्या टॉवरवरूनच फोन लागला. पहिल्या घंटीला उचलला गेला.

"कोन? बाळू?"

"व्हय आई."

"चार मिन्टं जास्त झाली रं. जीव खालीवर झाला माजा. चढून गेलास न्हवं?"

"दोनदा चढलो."

"काय दिसतंय तिथनं?"

मी रिपोर्ट दिला. डोंगर, सगळे तपकिरी. झाड एकही नाही. पश्चिमेला समुद्राची पट्टी. खाली शेळ्या सात. सोबत एक गोरा, उन्हात रेनकोट घालून बसलेला.

"पाऊस हाय व्हय?"

"नाही. त्याच्या गावच्या डोंगरावर असतो, म्हणून घातलाय."

"बरं हाय की. सवय मोडू ने."

इथे मी थांबू शकलो असतो. दर वर्षी इथेच थांबतो. पण त्या दिवशी गप्प राहवेना.

"आई, मी चुकलो. जायचं होतं तो डोंगर समोर हाय. मी दुसऱ्याच डोंगरावर आलोय."

ती हसायला लागली. इतक्या वर्षांत मी तिला हसताना ऐकलं नव्हतं. खोकला येईपर्यंत हसली.

"आन तू पोरांस्नी नकासा शिकवत हुतास म्हनं!"

"व्हय."

"माजा दगडू कंदी वाट चुकला न्हाई बग. बारका असल्यापास्नं न्हाई." तिचं हसू ओसरलं. "एक डाव चुकाय पायजे हुता रं."

मी फोन कानाला दाबून धरला.

"ऱ्हा नीट," ती म्हणाली. "जेवते मी आता." फोन बंद झाला.

मी तिघांकडे पाठ करून थोडा वेळ समुद्राकडे पाहिलं. मग मिस्टर ग्रॅहमनी विचारलं, "ज्याच्यासाठी दर वर्षी चढता, तो कोण होता?" आणि मी सांगितलं.

नाईक दगडू शेलार. वय सव्वीस. त्या सकाळी गस्तीच्या तुकडीत सगळ्यात पुढे तो होता. कंपास त्याच्या हातात होता, बेअरिंग बरोबर होतं, वाट बरोबर होती. अकरा वाजता त्याला पायाखालचा बर्फ पोकळ लागला. त्याने मागे न बघता हात वर केला आणि आम्ही थांबलो. मग बर्फ सुटला. त्या हातामागे आम्ही सात जण होतो. सातही घरी आलो.