गिरणीवाले आणि घळीतला धबधबा

गिरणीवाल्यांचा उभा जन्म पिठाच्या गिरणीत, पट्ट्याच्या खडखडाटात गेलेला. त्यामुळे कान थोडे अधू झालेले आणि आवाज चढलेला. घरी जेवताना मीठ मागितलं तरी भिंतीपलीकडची शेजारीण दचकायची. मनाने मात्र माणूस लाजरा. भुवया पिठाने पांढऱ्या दिसतात की वयाने, हे त्यांच्या बायकोलाही सांगता आलं नसतं.

एकदा गिरणीचा पट्टा तुटला. नवा यायला अवकाश होता. लेकीने तेवढी संधी साधली आणि आईबाबांना गाडीत घालून धबधबा बघायला नेलं.

वाळूच्या दगडाची ती घळ इतकी चिंचोळी, की जागोजागी अंग चोरून जावं लागे. दोन्ही अंगांना तांबूस दगडाच्या भिंती. गिरणीवाल्यांनी भिंतीवरून हात फिरवला. चिमटीत आलेले कण चोळून बघितले आणि म्हणाले, "जाड दळलंय. पुन्हा घालायला हवं."

"बाबा, इथे तरी गिरणी नको!" लेक हसत म्हणाली.

वळणापलीकडे धबधबा होता. दोन पुरुष उंचीचा, पण ऐटबाज. काठावर पाच-दहा माणसं डबे उघडून बसली होती. बायकोने चपला काढल्या, आणि कुणी काही म्हणायच्या आत ती थेट धारेखाली जाऊन उभी राहिली. पाणी डोक्यावर पडताच ती खळखळून हसायला लागली. थांबेचना.

गिरणीवाले बघतच राहिले. मग गुडघाभर पाण्यातून तिच्यापाशी गेले, आजूबाजूला पाहिलं, आणि तिच्या कानाशी वाकून त्यांनी मनातलं सांगितलं.

"आज तू फार सुंदर दिसतेस!"

घळ दणाणली. "दिसतेस... तेस..." भिंतींनी ते दोनदा म्हटलं. डब्यांवरचे हात थांबले. एक आजीबाई ओरडल्या, "दिसतेच आहे हो!" आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

"अहो, हळू!" बायको लाजून चूर.

"हळूच तर बोललो!" ते गोंधळून म्हणाले.

तिने तोंडावरचं पाणी निपटलं आणि काहीतरी पुटपुटली.

"काय? ऐकू नाही आलं!"

लेक डोळे झाकून मान हलवत होती. काठावरचे सगळे कान टवकारून होते. बायकोने एकदा त्या सगळ्यांकडे पाहिलं, दोन्ही हातांचा कर्णा केला आणि जीव खाऊन ओरडली, "पुन्हा म्हणा!"